डावी कूस

कुताईसीत रात्री दोन वाजता
खालच्या भट्टीत झाझा द्राक्षवेलीच्या काटक्या पेटवतो,
आणि वर मी छताच्या भेगा मोजते.
काल सव्वीस होत्या. आज सत्तावीस.
भेगा वाढतायत की माझी मोजणी चुकतेय, कोण जाणे.

कूस उजवली म्हणून सगळ्यांनी तोंड गोड केलं,
आणि डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बजावलं,
झोपायचं मात्र डाव्या कुशीवर.
मी जन्माची पालथी झोपणारी.
उशी छातीखाली दडपून,
जणू कुणी रात्रीतून पळवून नेणार होतं तिला.
आता पालथं पडायला जागा नाही.
तिथे तू आहेस.

वळायचं म्हणजे
आधी गुडघे,
मग कंबर,
मग तू,
सगळ्यात शेवटी मान, आणि तोवर चादर
मधेच कुठेतरी अडकून बसलेली.
रिकोटीच्या घाटात इतकी वळणं नसतील.
वळून होतं न होतं तोच पोटरीत वांब येतो,
रात्रीचं लोबियो लसणासकट घशाशी येतं,
आणि तू मूत्राशयाला टेकून नाचाचा सराव करतोस,
की करतेस.

लामाराकाकू म्हणाली, लिंडनच्या फुलांचा चहा घे.
घेतला. चहाने मला चारदा उठवलं.
झाझा म्हणाला, मेंढ्या मोज.
मोजल्या. त्यात एक लंगडी निघाली,
तिची काळजी करत तीन वाजवले.

मग फोन. आईचा.
ती इटलीत असते, बारी शहरात,
एका परक्या म्हातारीच्या उशाशी, रात्रपाळीला. सहा वर्षं झाली.
"तुझा हिरवा ठिपका दिसला," म्हणाली, "जागी का?"
मी रडले नाही. नाक ओढलं फक्त.
तिकडे ती कुजबुजत होती, म्हातारी झोपली होती म्हणून,
इकडे मी, तू झोपली असशील या आशेवर.

"ऐक नुत्सा. सिन्योरा नव्वदीच्या आहेत.
दर दोन तासांनी मी त्यांची कूस बदलते.
या देशात मला दुसरं काही आलं नाही, हे आलं.
एक उशी गुडघ्यांमध्ये, घोट्यापर्यंत पोचेल अशी.
एक पोटाखाली, पातळ. ओझं तिला उचलू दे.
आणि तिसरी पाठीशी. घट्ट लावायची नाही,
पाठीला नुसतं वाटलं पाहिजे, कुणीतरी आहे."

तिसरी उशी घरात नव्हती.
"माझा तपकिरी कोट आहे का कपाटात?"
होता. डांबराच्या गोळ्यांचा वास,
खिशात विमानतळावरच्या कॉफीची पावती,
अक्षरं उडालेली.
मी तो गुंडाळून पाठीशी घेतला.

"फोन ठेवू नकोस," मी म्हणाले.
"नाही ठेवत. तू बोलू नकोस."
मग आम्ही काहीच बोललो नाही.
एवढ्या लांबून सिन्योरांचं घोरणं येत होतं.
मधेच थांबायचं,
मी वाट बघायचे, तिकडे आईही बघत असणार,
मग पुन्हा सुरू.
खाली भट्टीच्या भिंतीवर कणीक थापल्याचा आवाज,
थप्,
जरा वेळाने, थप्.
तू एक ढुशी दिलीस. दुसरी आठवत नाही.

आठला झाझा पाव घेऊन वर आला,
होडीसारखा, एका टोकाला करपलेला.
मी उजव्या कुशीवर होते,
कोट छातीखाली दडपून.
उशाशी फोन गरम, अजून चालू,
चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं.
पलीकडे कपबशी वाजली,
म्हातारा आवाज इटालियनमध्ये काहीतरी मागत होता,
आणि आई त्यांना आमच्या भाषेत दटावत होती,
"श्श. लेक झोपलीय माझी."

मी हलले नाही.